दोनच ओळींची साफसफाई

‘‘दोनच ओळी बदलल्यात रे, पटकन मर्ज कर ना!’’

सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य कानावर पडतंच. तुम्ही सॉफ्टवेअरवाले नसाल तरी बिघडत नाही. तुमच्या ऑफिसातही एक कॉमन एक्सेल शीट असेलच की. कुणीतरी उत्साही प्राणी एक दिवस त्यातला ‘उगीचच पडलेला’ कॉलम उडवतो, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सच्या मॅडम अख्ख्या फ्लोअरवर आग पाखडत फिरतात. कॉलम उगीच नव्हता. त्याच्यावर तीन फॉर्म्युले उभे होते.

तर मंडळी, आजचा विषय हाच. दहा जणांनी मिळून वापरायच्या कोडमध्ये छोटी-छोटी साफसफाई करावी की करू नये? व्हेरिएबलचं नाव जरा बरं ठेवणं, कुणीच वापरत नाही असं वाटणारं फंक्शन काढून टाकणं, दोन ठिकाणी लिहिलेला तोच कोड एका ठिकाणी आणणं, स्पेलिंग, स्पेस, कंस... असली किरकोळ कामं. प्रोग्रॅम आधी जे करत होता तेच पुढेही करणार, फक्त आतलं घर जरा नीटनेटकं. ऐकायला किती छान! ह्याला नाही कोण म्हणेल? पण हे घर आपल्या एकट्याचं नसतं, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

भाऊ, सोप्पं काही सांगा न जी!

हा प्रश्न मला पुण्यातल्या क्युबिकलमध्ये नाही, मुर्रीत नव्यानं पडला. मुर्री म्हणजे गोंदिया शहराला चिकटलेलं आमचं गाव. टीममधले पुणेकर ‘मुरी’ म्हणतात आणि न्हाणीघरातली मोरी आठवून हसतात. हसू देत बापडे. दर पावसाळ्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एक रात्र नि एक दिवस घासत मी इथं येतो आणि दोन आठवडे घरूनच काम करतो. समोर धानाच्या बांध्या, मागे आईच्या हातचा चहा. कॉन्फरन्स कॉलवर बेडकांचं बॅकग्राउंड म्युझिक फुकट.

तर शेजारचा पोरगा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, ‘‘भाऊ, ओपन सोर्समधी पहिला पॅच टाकाचा आहे. प्लेसमेंटच्या वेळी रिझ्यूमेवर दिसला पाहिजे ना. सोप्पं काही सांगा न जी. कोणाच्याही कोडमधलं स्पेलिंग-गिलिंग दुरुस्त करून टाकतो.’’

आता ह्याला काय सांगायचं? ‘कर बिनधास्त’ म्हणावं, तर मला २०२० सालचा ऑक्टोबर आठवतो. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाचा उपक्रम तेव्हा काही वर्षं चालू होता. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, अशी साधी-सरळ स्कीम. त्या वर्षी जगभरातल्या प्रकल्पांवर अक्षरशः टोळधाड आली. कुणी माहितीच्या फायलीत एक विशेषण घुसडलं, कुणी नुसता एक स्वल्पविराम हलवला. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही भरपूर होते, हे कबूल करायला हवं. फुकटात काम करणारे मेंटेनर बिचारे दिवसभर असल्या ‘सुधारणा’ बंद करत बसले. शेवटी आयोजकांनी महिन्याच्या सुरुवातीलाच नियम फिरवले आणि जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील त्यांच्यातल्याच पुल रिक्वेस्ट धरायला सुरुवात केली. पाठवणाऱ्याचा खर्च दोन मिनिटं. टी-शर्ट पाठवणाऱ्याला. आणि वेळ गेला तिसऱ्याचाच!

बरं, ‘करूच नको’ म्हणावं तर तेही पटत नाही. मुर्रीतल्या पोराला ओपन सोर्सच्या घरात शिरायला हाच एक दरवाजा आहे. त्याची ना कुठं ओळख, ना मोठ्या कॉलेजचं नाव. पहिल्याच दिवशी कुणी त्याला मोठं फीचर लिहू देणार नाही. सुरुवात लहान कामानंच होणार. मोठमोठ्या प्रोग्रॅमरांची सुरुवातही अशीच झालेली असते.

म्हणून ठरवलं, हिशेब नीट मांडून बघू.

आधी जमेची बाजू

साफसफाई न करण्याची किंमत काय असते? त्याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे अमेरिकेतली शेअर बाजारातली कंपनी, नाइट कॅपिटल. त्यांच्या प्रणालीत ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना कोड होता. २००३ पासून त्याचा वापर बंद होता, पण काढून मात्र टाकलेला नव्हता. पडून होता आपला, माळ्यावरच्या जुन्या पंख्यासारखा. २०१२ मध्ये नवं फीचर लिहिताना त्याच जुन्या कोडचं चालू-बंदचं बटण नव्या कामासाठी पुन्हा वापरलं गेलं. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला कुंभकर्ण जागा झाला. भराभर खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी सुटल्या. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान! पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तो मेलेला कोड कुणी वेळीच काढला असता, तर जागं व्हायला कुंभकर्णच उरला नसता.

दुसरं उदाहरण २०१४ चं, हार्टब्लीडचं. इंटरनेटवरच्या असंख्य वेबसाइट ज्या ‘ओपनएसएसएल’ लायब्ररीच्या भरवशावर गुप्त व्यवहार करतात, तिच्यात दोन वर्षं एक भोक होतं आणि कुणाला दिसलं नाही. दिसलं तेव्हा ‘ओपनबीएसडी’च्या मंडळींनी आतला कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. कधीच अडगळीत गेलेल्या मशीन्ससाठी लिहिलेले तुकडे तिथं अजून नांदत होते. त्यांनी ‘लिब्रेएसएसएल’ नावाची वेगळी चूल मांडली आणि पहिल्याच आठवड्यात सुमारे ९० हजार ओळी काढून टाकल्या. जिथं पसारा असतो तिथं विंचू दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या पुण्यातलंही एक गोड उदाहरण आहे. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना ‘लोहित’ फॉण्ट माहीत असतील. रेड हॅटनं ते मुक्त केले आणि पुण्यातल्या त्यांच्या इंजिनिअर मंडळींनी पुढं सांभाळले. २०१३ च्या सुमारास त्यांनी ‘लोहित २’ हाती घेतलं. फॉण्टमधल्या प्रत्येक आकृतीला आत एक नाव असतं, आणि जोडाक्षरं कशी जुळवायची ह्याचे नियम असतात. ती नावं एका ठरलेल्या पद्धतीनं लावायची आणि ते नियम इतरांनाही उचलता येतील असे सुटसुटीत करायचे, असं ते काम होतं. स्क्रीनवर वाचणाऱ्याला ह्यातलं काय दिसलं? जवळजवळ काहीच नाही. फायदा कुणाचा? उद्या जो नवा फॉण्ट बनवायला बसेल त्याचा. चांगल्या साफसफाईचं असंच असतं. करणारा आज राबतो आणि दुवा देणारा पाच वर्षांनी येतो.

आता खर्चाचा कॉलम

ओपनएसएसएलचीच दुसरी गोष्ट ऐका, कारण ती दोन ओळींचीच आहे. डेबियन ही लिनक्सची नावाजलेली आवृत्ती. २००६ मध्ये तिच्या एका मेंटेनरनं पाहिलं, की ओपनएसएसएलमधल्या दोन ओळींमुळं तपासणीची साधनं सारखी कुरकुर करतायत: ‘काहीही न भरलेली मेमरी वाचली जातेय.’ त्यानं घाई केली असंही नाही. ओपनएसएसएलच्या लोकांना आधी विचारलं, कुणी ठामपणे अडवलं नाही, आणि त्यानं दोन्ही ओळी बंद केल्या. वॉर्निंग गेल्या. कोड एकदम चकाचक!

गंमत अशी, की त्या दोन्ही ओळी अक्षरशः एकसारख्या होत्या. तीच अक्षरं, तेच कंस. त्यातली एक काढली तर खरंच काही बिघडणार नव्हतं. दुसरी मात्र गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा सगळा बेभरवसा, सगळी ‘रँडमनेस’ आत ओतत होती. ती बंद पडल्यावर किल्ली बनवताना उरला काय, तर चालू प्रोसेसचा नंबर. म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. अख्ख्या शहराच्या घरांना मिळून बत्तीस हजार चाव्या, आणि त्यांचा पूर्ण जुडगा कुणालाही बनवता येईल असा! सप्टेंबर २००६ पासून डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या अशा कमकुवत निघाल्या. हे उघड झालं १३ मे २००८ ला. जगभरच्या सिस्टिम अॅडमिनच्या झोपा उडाल्या, आणि सगळ्या किल्ल्या नव्यानं पाडायला लागल्या.

म्हणून ‘दोनच ओळी’ हे काही माप नव्हे. किती ओळी बदलल्या ह्यापेक्षा त्या ओळींवर कोण-कोण उभं आहे ते मोजायचं.

बरं, एवढी भानगड दरवेळी होत नाही. मग रोजच्या साध्या साफसफाईचा खर्च किती? चला, पाटीवर मांडू. समजा, एका गोंधळाच्या फंक्शनचं नाव आणि त्यातली रचना तुम्ही सुधारली. तुमची १५ मिनिटं. दोघांनी रिव्ह्यू केला, प्रत्येकी २० मिनिटं, झाली ४०. त्याच फायलीवर आणखी तिघं काम करतायत. त्यांचा कोड आता तुमच्या कोडशी भांडणार, मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवायला प्रत्येकी अर्धा तास, झाली ९०. टेस्टिंगवाल्यानं परत एकदा सगळं चालवून पाहिलं, ३५ मिनिटं. एकूण १८० मिनिटं, म्हणजे तीन तास. त्यातली तुमची पंधरा मिनिटं. बाकीची पावणेतीन तासांची वर्गणी दुसऱ्यांनी काढली, आणि त्यांना विचारलंसुद्धा नाही!

आता मिळकत. हे फंक्शन सहा जण आठवड्यातून तीन-तीनदा उघडून वाचतात आणि दरवेळी प्रत्येकाचं एक मिनिट वाचतं असं धरा. आठवड्याला १८ मिनिटं. म्हणजे दहा आठवड्यांत तीन तास वसूल, पुढं सगळा नफा. झकास! करून टाका.

पण हीच सफाई वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या फायलीत केलीत तर? खर्च थोडा कमी होईल, मिळकत मात्र जवळपास शून्यावर येईल. तुमची नोकरी बदलेल, ती भाषा म्हातारी होईल, पण तो खर्च काही वसूल होणार नाही. घराचंच बघा ना. रोज वापरातला ओटा पुसणं शहाणपणाचं. माळ्यावरच्या पितळी घंगाळाला दर रविवारी चकाकी आणणारा माणूस टापटिपीचा असेल, पण त्याला दुसरं काम नाही एवढंही कळतं.

ह्या हिशेबात न दिसणारे दोन खर्च आणखी आहेत. पहिला इतिहासाचा. गिटमध्ये ‘ब्लेम’ म्हणून सोय आहे: कुठली ओळ कुणी, कधी, कशापायी लिहिली हे ती सांगते. तुम्ही अख्ख्या फायलीचे स्पेस नीट केलेत की प्रत्येक ओळीवर तुमचं नाव. मध्यरात्री बग शोधणारा विचारतो, ही ओळ का लिहिली असेल बुवा? उत्तर येतं, ‘फॉरमॅटिंग केलं.’ खरं कारण तुमच्या झाडूखाली दडलेलं. हा त्रास इतका सार्वत्रिक, की २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीत असे सफाईचे बदल वगळून मागचं दाखवण्याची सोयच करावी लागली.

दुसरा खर्च विश्वासाचा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ ह्या छोट्याशा पण लिनक्समध्ये सर्वदूर पसरलेल्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो बसवणारा इसम दोनेक वर्षं गुणी बाळासारखा उपयोगी पॅच पाठवत होता आणि दमलेल्या मेंटेनरचा भरवसा कमावत होता. तेव्हापासून अनोळखी माणसाची छोटीशी सफाईसुद्धा मेंटेनर दोनदा वाचतो. वाचायलाच हवी. म्हणजे रिव्ह्यूच्या त्या वीस मिनिटांचा भाव वाढलाय.

धुऱ्यावरची तूर

हे सगळं डोक्यात घोळत असताना समोर बांध्या दिसत होत्या. धानाची शेती न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे शेत म्हणजे एक सलग तुकडा नसतो. लहान-लहान बांध्या, आणि दोन बांध्यांमध्ये मातीचा धुरा. पावसाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, तिथून आणखी खाली असं उतरत जातं. वरची बांधी एकाची, खालची दुसऱ्याची. म्हणजे मालकी वेगवेगळी आणि पाणी सामायिक. तुमच्या-माझ्या लायब्ररीपेक्षा हे वेगळं आहे का?

धुऱ्याची डागडुजी दरवर्षी करावीच लागते, नाहीतर पाणी भलतीकडून फुटतं. पण शहरातून आलेल्या पाहुण्याला धुऱ्यावर फक्त रान दिसतं आणि वाटतं, विळा फिरवून सगळं साफ करावं. त्या रानात धुऱ्यावर मुद्दाम लावलेली तूर असते. उरलेल्या गवताची मुळं माती धरून ठेवतात. आणि जिथं धुरा ‘तुटलाय’ असं वाटतं, तिथं खालच्याला पाणी जावं म्हणून तोंड ठेवलेलं असतं. ते बुजवलंत तर तुमचा धुरा देखणा होईल आणि खालच्याचं धान वाळेल.

आमच्या काकाजींना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘धुरा आपला असते पोरा, पाणी सगळ्यायचं असते.’’ मी पुण्यात कोड रिव्ह्यूवर दोन दिवसांची महागडी वर्कशॉप केली आहेत. त्यांत एवढं नेमकं वाक्य ऐकलं नव्हतं.

दऱ्या आणि दर्या

आता खास मराठी तूर दाखवतो.

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यास’ म्हटलं तर स्वयंपाक्याला, ‘आचार्यास’ म्हटलं तर गुरुजींना. हा फरक लिहिताना मराठीला अर्धा, आडव्या शेपटीचा र लागतो. हिंदीचं त्याच्याशिवाय भागतं. कम्प्युटरच्या पोटात हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे खाली नुक्ता असलेलं वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलंत आणि त्यापुढं एक जोडणारं चिन्ह असतं, जे डोळ्यांना अजिबात दिसत नाही.

आता कल्पना करा, बंगलोर किंवा कॅलिफोर्नियात बसलेला एक सज्जन प्रोग्रॅमर सामायिक लायब्ररीत सफाई करतोय. त्याला मजकुरात न दिसणारी चिन्हं सापडतात. कचराच की! एका ओळीत सगळी उडवतो. वर नुक्तेही काढतो; हिंदीत शोध सोपा व्हावा म्हणून नुक्ता काढणं समजण्यासारखं आहे. त्याच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. कोड चार ओळींनी कमी. रिव्ह्यूत अंगठा.

आणि इकडे आपल्या दऱ्यांचा दर्या होतो. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गोऱ्हे... सगळ्यांचे र डोक्यावर जाऊन बसतात. कुणाच्या आडनावाचा फॉर्म नाकारला जातो, कुणाचं गाव यादीत सापडत नाही. तक्रार करणारा करतो, ‘तुमचं सॉफ्टवेअर मराठी नीट दाखवत नाही’, आणि पलीकडचा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘आम्ही तर मराठीला हातच लावला नाही!’ खरंच लावलेला नसतो. त्यानं फक्त वरच्या बांधीचा धुरा साफ केला.

मग करायचं काय?

केंट बेक हे ह्या क्षेत्रातलं बुजुर्ग नाव. २०२३ मध्ये त्यांनी नेमक्या ह्याच विषयावर छोटंसं पुस्तक लिहिलं, ‘टायडी फर्स्ट?’. नावातलं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. आवराआवर आधी करायची, नंतर करायची की करायचीच नाही, हे दर वेळी ठरवायचं. त्यांचा एक आग्रह मला शंभर टक्के पटतो: आवराआवर आणि खरा बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये कालवू नका. सफाईच्या चाळीस फायलींत लपलेला एक खरा बदल म्हणजे पोह्यातला खडा. खाणाऱ्याला दातानंच कळतो.

माझा स्वतःचा फंडा चार प्रश्नांचा आहे. एक: मी नाहीतरी आज ह्या फायलीत काम करतोय का? करत असेन तर टेस्टिंग आणि रिव्ह्यू होणारच आहेत, सफाईचा वरखर्च कमी. मुद्दाम वाट वाकडी करून जायचं असेल तर हात आवरा. दोन: ही विचित्र ओळ इथं का आहे हे मला सांगता येतं का? ‘माहीत नाही’ हे उत्तर असेल तर आधी ‘ब्लेम’, मग लिहिणारा माणूस, आणि मगच झाडू. तीन: खालच्या बांधीत कोण आहे? ही लायब्ररी कोण-कोण वापरतं, त्यांचं रिलीज कधी आहे? शुक्रवारी संध्याकाळी सामायिक कोड आवरायला घेणारा माणूस शनिवारी दुसऱ्याच्या घरचा सिनेमा बुडवतो. चार: काही फुटलं तर सोमवारी मी इथं असेन का? निस्तरायला हजर राहणारा माणूस सफाई करत असेल तर मी डोळे झाकून नाही, पण हसत रिव्ह्यू करतो.

टीम लीड असाल तर तुमच्यासाठीही एक काम आहे. नव्या पोरांच्या प्रत्येक सफाईला ‘हात लावू नको’ म्हणालात, तर दोन वर्षांत तुमच्या कोडला कुणीच हात लावणार नाही, आणि नाइट कॅपिटलचा कुंभकर्ण तुमच्याकडं मुक्कामाला येईल. त्यापेक्षा त्यांना शिकायला एक बांधी राखून द्या. लिनक्सनं नेमकं तेच केलं. २००८ मध्ये कर्नलमध्ये ‘स्टेजिंग’ नावाचा कप्पा उघडला. अजून कच्चे असलेले ड्रायव्हर तिथं ठेवतात, आणि नवशिक्यांनी तिथं स्पेस, नावं, कंस सुधारून पॅच पाठवायची रीत शिकायची. तिथं किरकोळ सफाईचं स्वागत होतं. तोच पॅच कर्नलच्या जुन्या, नांदत्या भागात पाठवलात तर बहुतेक मेंटेनर तोंड वाकडं करतात. झाडू तोच, आणि चालवणाराही तोच. बदलली ती जागा, आणि जागेबरोबर हिशेब बदलला.

राहता राहिला आमचा शेजारी. त्याला म्हटलं, दुसऱ्याच्या कोडमधलं इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करणारे लाखभर लोक आहेत. तुझी वाट कोण बघतंय? पण दऱ्या आणि दर्यातला फरक कॅलिफोर्नियातल्या मेंटेनरला माहीत नाही, आणि तुला तो दुसरीच्या वर्गापासून माहीत आहे. तू रोज वापरतोस ती चार-पाच मुक्त अॅप घे. त्यांत ‘वऱ्हाड’ टाक, ‘कुऱ्हाड’ टाक, दोन्ही तऱ्हांनी लिहून बघ. शोध, सेव्ह, परत उघड. कुठं ना कुठं र डोक्यावर चढेल. तो सापडला की आधी त्या लोकांना विचार, आणि त्यांनी हो म्हटलं की पहिला पॅच म्हणून एक टेस्ट पाठव. काही काढू नको, काही हलवू नको. फक्त एवढं लिही, की हा शब्द असा आत गेला तर असाच बाहेर यायला हवा, आणि वर एका ओळीत कारण.

त्यानं जरा तोंड पाडलं. ‘‘भाऊ, हे तर साफसफाई नाही झाली. उलट चार ओळी वाढल्या!’’

वाढू देत की. उद्या कुणी सज्जन झाडू घेऊन येईल, ‘न दिसणारा कचरा’ उडवेल आणि ह्या चार ओळी लाल होऊन ओरडतील: थांब बाबा, ही तूर आहे.